खापरावरचा इस्तू

घरात काय काय होतं ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे मध्येच थांबायला नको. पत्र्याखालचं मातीचं घर, पुढे सारवलेलं अंगण, अंगणाच्या कडेला गोठा. आतल्या भिंतीला खुंट्यांची रांग: बाचा सदरा, विळे, कांद्याची वेणी, बियाण्याचं गाठोडं आणि दाराजवळच्या शेवटच्या खुंटीवर डफ. कोपऱ्यात चूल. चुलीपाशी याडी, म्हणजे माझी आई, पहाटेपासून बसलेली. तिच्या दंडापर्यंत चढलेल्या पांढऱ्या चुड्यांचा आवाज भाकरीच्या थापण्याबरोबर यायचा आणि त्या आवाजाने मी उठायचे. भाकरीबरोबर अंबाडीची भाजी नाहीतर ठेचा आणि मातीच्या गाडग्यातलं ताक. घरात आम्ही आमची गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलायचो. इथे मी ते बोलणं मराठीत लिहिते आहे, पण तांड्याबाहेरच्या लोकांशी आम्ही जी मराठी बोलायचो त्या मराठीत.

आता मी नांदेडला मुलींचं वसतिगृह सांभाळते. बाजार, गॅसच्या टाक्या, कोणती पोरगी कधी घरी जाणार, सगळं कागदावर उतरवल्याशिवाय मला सुचत नाही. हे प्रकरण लिहायलाही मी मुद्दे काढायला बसले होते. पहिला मुद्दा लिहिला ‘इस्तू’ आणि पुढे हात चालेना. इस्तू म्हणजे विस्तव. तेव्हा तिथूनच सुरुवात करते.

आमचा तांडा कुरुंद्याच्या बाजूला. त्या भागात उन्हाळा तोंडावर आला की शेतात हळद निघते, आणि काढलेली हळद फार दिवस ओली ठेवून चालत नाही, शिजवावी लागते. तांड्याची कढई एकच होती. एवढी मोठी, की तीत बैल पाण्याला बसेल अशी थट्टा पुरुष करायचे. ती बैलगाडीवरून घराघराला फिरायची. ज्याची पाळी त्याच्या अंगणात चुलाण खणलेलं असायचं, म्हणजे गुडघाभर खोल भट्टी. कढईत हळकुंडं भरायची, वर हळदीचीच पानं आणि ओली पोती दाबायची आणि खाली जाळ घालत राहायचं. काम एका घरचं नसे. सगळा तांडा पाळीपाळीने एकमेकांच्या अंगणात राबायचा. फेस वर आला, वास बदलला, तुरीची काडी हळकुंडातून आरपार गेली की झालं. त्या दिवसांत आमच्या केसांना, भाकरीला, अंथरुणाला, सगळ्याला त्या वाफेचा वास असे. मला अजून तो वास आला की मी खिडकी लावून घेते. कारण पुढे येईलच.

आमच्या तांड्याची रीत अशी, की हंगामातलं पहिलं चुलाण नायकाच्या अंगणात पेटायचं. नायक नारळ फोडायचा, काडी ओढायचा, आणि त्यानंतर हंगाम संपेपर्यंत कुणी काडी ओढायची नाही. एका घरची हळद शिजली की पुढच्या घरची बाई खापर घेऊन यायची, मागच्या चुलाणातले निखारे त्यावर घ्यायची आणि आपल्या चुलाणात नेऊन घालायची. त्या घरचा कर्ता आपल्या चुलाणापुढे नारळ फोडायचा. असा एकच विस्तव पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत चालत जायचा. कुणी स्वतःची काडी ओढून चुलाण पेटवलं तर त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. भाऊ वाटणी करून वेगळा निघाला, किंवा कुणी तांडा सोडून चालला, तरच असं होई. “अमक्यानं काडी ओढली” एवढं म्हटलं की पुढचं विचारायची गरज नसे.

तांड्याचे नायक बाचे सख्खे थोरले भाऊ. आम्ही त्यांना नायक काका म्हणायचो. आजोबा लवकर गेले, तेव्हा बाला खांद्यावर घेऊन त्यांनीच वाढवलं होतं. खुंटीवरचा डफही त्यांनीच आणून दिलेला, कारण बाचा आवाज मोठा होता आणि होळीला लेंगी गाताना सगळ्या तांड्यात त्याच्यासारखा दुसरा नव्हता. लेंगी ही आमची होळीची गाणी. डफ घेऊन पुरुष दारोदार जातात, थट्टा करतात, वाईट-वंगाळ बोलतात, त्या दिवसांत ते सगळं चालतं. बा पुढे असला की बायका पदर तोंडावर घेऊन हसायच्या. बा दारूही पुष्कळ प्यायचा. तेही लिहिते, कारण पुढचं त्याशिवाय समजणार नाही.

हट्ट्याला एक मास्तर राहत. शाळेतले नव्हेत, शिलाई मशीनवरचे. कळमनुरीच्या बाजारात ते झाडाखाली मशीन मांडून बसत आणि फाटकं शिवता शिवता येशूविषयी बोलत. बा त्यांच्याकडे सदरा रफू करून घ्यायला गेला आणि त्यानंतर जातच राहिला. दारू सुटली. याडी खूश होती, तिने देव कोणता ते विचारलं नाही. मग एका रविवारी मास्तरांच्या माणसांबरोबर कयाधू नदीच्या पाण्यात उतरून बाने बाप्तिस्मा घेतला आणि ओल्या कपड्यांनीच घरी आला. याडीने त्याला कोरडं धोतर दिलं. काय केलंस असं तिने विचारलं आणि त्याने सांगितलं. ती म्हणाली, “दारू सोडलीस ते बराबर. पन दादाला सांगितलंस का?”

नायक काकांना त्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं. ते हसले. पोरगं गाणारं आहे, आणखी एका देवाचं गाणं गाईल, असं काहीसं ते म्हणाले. पण दिवाळीला देवीच्या बोकडाचा वाटा पळसाच्या पानात बांधून घरी आला आणि बाने तो खाल्ला नाही. आम्हाला खाऊ नका म्हणाला नाही. याडीने वेगळ्या भांड्यात शिजवला, आम्ही खाल्ला, बाने ठेचा-भाकर खाल्ली. गोष्ट चार घरांत गेली. पुरुष पाणवठ्यावर बाला पाद्री म्हणायला लागले. “काय रं पाद्री, तुझा देव बोकड खात न्हाई तर खातो तरी काय?” बा हसून म्हणायचा, “भाकर खातो.” तोवर सगळं थट्टेवर होतं.

त्या पहिल्या वर्षी हळदीची पाळी आमच्या घरी आली तेव्हा बाने नारळ फोडला नाही. याडी म्हणाली मी फोडते, आणि तिने फोडला, आणि कुणी काही बोललं नाही. आमच्या चुलाणातून विस्तव पुढच्या घरी गेला. त्या घरी कढई उतरवताना पेमा नावाच्या तरण्या माणसाचा पाय घसरला आणि उकळतं पाणी त्याच्या मांडीवर आलं. तो महिनोन्‌महिने पडून होता. कोण बोललं पहिल्यांदा ते मला कधीच कळलं नाही, पण पाऊसकाळ संपेपर्यंत सगळ्या तांड्याला माहीत झालं होतं की पेमा ज्या विस्तवाने भाजला तो आमच्या घरातून आला होता, आणि आमच्या घरात कर्त्याने नारळ फोडला नव्हता.

त्यानंतर थट्टा थांबली. हे मला आज नीट कळतं, तेव्हा फक्त अंगाला जाणवायचं. पाद्री म्हणणं बंद झालं. विरजणाला ताक मागायला येणाऱ्या बायका येईनाशा झाल्या. आम्ही पाण्याला गेलो की बोलणं थांबायचं, आम्ही हंडे भरून वळलो की पुन्हा सुरू व्हायचं. माझी थोरली बहीण शांता कळमनुरीकडच्या एका तांड्यात दिलेली होती. तिच्या सासरहून निरोप आला की औंदा होळीला तिला धाडता येत नाही, घरात काम आहे. याडीने निरोप आणणाऱ्याला चहा दिला आणि तो गेल्यावर कप बराच वेळ हातात घेऊन बसली. कुणी दगड मारला नाही, कुणी शिवी दिली नाही. वसतिगृहातल्या पोरी मला विचारतात, बाई, तुम्हाला भीती कशाची वाटते. मी सांगते, आवाज बंद झाला की वाटते.

होळी आली. बाने डफाला हात लावला नाही, तो खुंटीवरच राहिला. संध्याकाळी पुरुष लेंगी गात निघाले. दुसराच कुणी पुढे होता, आवाज बारीक होता. आम्ही दारात बसून ऐकत होतो. एकेक घर घेत ते जवळ आले. शेजारच्या दारात नाचले, हसले, मागणं मागितलं. मग आमच्या अंगणाची कड लागली आणि डफ थांबला. सगळे जण खाली बघत, एकामागे एक, आमच्या दारावरून चालत गेले. नुसते पाय वाजत होते. आमचं अंगण संपलं आणि पलीकडे डफ पुन्हा सुरू झाला. याडीने ताटात त्यांच्यासाठी गूळ आणि खोबरं काढून ठेवलं होतं. ताट तिने तसंच आत नेलं. बा म्हणाला, “चुकतंय त्यांचं. तिसरं कडवं तसं न्हाई.” मी हसले, आणि मग पाहिलं तर तो हसत नव्हता.

होळी झाली तशी हळद निघाली. आमचीही निघाली. गोठ्याच्या सावलीत ढीग घालून वर हळदीची पानं झाकून ठेवली आणि पाळीची वाट बघत बसलो. नायक काकांच्या अंगणातून धूर निघाला, मग त्यांच्या शेजारून, मग त्याच्या पलीकडून. रोज वास जवळ येत होता. एरवी आम्ही पोरं त्या वासाने नाचायचो. त्या वर्षी याडी रोज सकाळी ढिगाची पानं उचलून खाली हात घालायची आणि हात नाकाशी न्यायची. ढीग आतून तापायला लागला की हळद खराब होते. मग पानं परत लावायची.

शेजारच्या अंगणात कढई आली त्या दिवशी नायक काका आमच्याकडे आले. बाजेवर बसले. याडी घुंगट ओढून दाराआड उभी राहिली. आमच्यात बाई नवऱ्याच्या थोरल्या भावाला तोंड दाखवत नाही आणि त्याच्याशी सरळ बोलतही नाही. काही सांगायचं तर मधे एखादं लेकरू लागतं. आमच्या घरात ते लेकरू मी. याडी हळू बोलायची, मी ते मोठ्याने म्हणायचे. काकांना ते आधीच ऐकू आलेलं असायचं, तरी ते माझ्याकडे बघून उत्तर द्यायचे. चहा दिला. त्यांनी कप जवळ ओढून घेतला, पण उचलला नाही.

ते बराच वेळ पेमाच्या पायाविषयी बोलले. मग म्हणाले की आमच्या पुढच्या घरची माणसं आमच्याकडचा विस्तव घ्यायला तयार नाहीत. त्यांना समजावलं आहे. पण औंदा नारळ घरच्या कर्त्याच्या हातचाच पाहिजे, बाईच्या हातचा चालणार नाही.

बा म्हणाला, “दादा, तुमी फोडा. मी आडवा येत न्हाई. माझ्या हातानं न्हाई व्हायचं.”

“काहून न्हाई व्हायचं? हात मोडून राहिला का तुझा?”

“हात हाय. दिलेला हाय एकाला.”

काका खूप वेळ त्याच्याकडे बघत राहिले. रागाने नाही. मला वाटतं, ते त्याच्या तोंडात आपला जुना भाऊ शोधत होते. मग उठले. चहावर साय धरली होती. दारात थांबून मला म्हणाले, “तुझ्या याडीला सांग, ढीग तापून राहिला असंल.” हे त्यांना कसं कळलं असं मी तेव्हा नवलाने म्हटलं. आता कळतं, हळद पिकवणाऱ्या कुणालाही कळलं असतं.

बाने त्यावर जी तोड काढली ती त्याला फार शहाणपणाची वाटली. तो हट्ट्याला मास्तरांकडे गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पोत बसून परत आला. टेम्पोत दुसरी कढई होती, मास्तर होते आणि प्रार्थनेला येणारी त्यांची काही माणसं. मास्तर बारीक अंगाचे, कानाला अजून शिंप्याची पेन्सिल लावलेली. ते आनंदाने याडीला म्हणाले, “बाई, आता कुणाला तकलीफ नाही. त्यांची कढई त्यांना, आपली आपल्याला. नारळाचा प्रश्नच मिटला.” मास्तर शिंपी होते, त्यांना तांड्याच्या चुलाणाचं काय माहीत? पण बाला माहीत होतं. तो काय धरून चालला होता ते त्याने पुढे मला एकदा सांगितलं. त्याला वाटलं, लोक हे हळदीपुरतं समजतील. आपण बाजूला सरलो की त्यांची अडचण जाईल आणि होळीची कटकट विसरून पुढच्या वर्षी सगळं ठीक होईल. तो कुणाशी भांडत नव्हता, म्हणून हे भांडण आहे असं त्याला वाटलंच नाही.

याडीला एका क्षणात कळलं. कढई चुलाणावर बसवत होते, माणसं हळकुंडं भरत होती. ती बाला एवढंच म्हणाली, “काडी ओढू नको. मी येते तोवर ओढू नको.” तिने कोनाड्यातून खापर घेतलं, एक नारळ घेतला, माझा हात धरला, आणि आम्ही भर उन्हात नायक काकांच्या घरी निघालो. शेजारच्या अंगणात विस्तव होता, हाकेच्या अंतरावर. पण तो शेजारी देणार नाही हे तिला ठाऊक होतं, आणि पहिल्या चुलाणाचा विस्तव नायकाच्या घरच्या चुलीत हंगामभर राखलेला असे. तांड्यातून जाताना दारांत बायका उभ्या होत्या. कुणी कुठे चाललीस विचारलं नाही. खापर हातात दिसत होतं.

काका ओट्यावर बसले होते. याडी घुंगट ओढून अंगणात उभी राहिली आणि माझ्या कानाशी बोलली. मी मोठ्याने म्हटलं, “याडी म्हनते, इस्तू द्या.”

काका मला म्हणाले, “तुझ्या याडीला सांग, कर्त्यानं मागायला पायजे.”

“याडी म्हनते, मी मागते. माझं घर हाय ते.”

आतून काकू बाहेर आल्या आणि नवऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग काका म्हणाले की ठीक आहे, बाईने मागितलं म्हणून देतो. पण नारळ इथे फोडायचा, या चुलीपुढे, परशरामच्या, म्हणजे बाच्या, नावाने, आणि तांड्याने ते बघायचं. याडीच्या हाताचा माझ्या मनगटाभोवती जोर वाढला. तिने मला काही सांगितलं नाही. माझा हात सोडला, पुढे गेली आणि चुलीपुढच्या दगडावर नारळ फोडला. बाचं नाव घेतलं. काकूंनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि तिच्या खापरावर निखारे घातले. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हे मी पाहिलं आहे, म्हणून लिहिते. त्यांना वाटलं, झालं, भाऊ वाचला.

आम्ही परत आलो तेव्हा आमच्या अंगणाच्या कडेला माणसं जमली होती. बा चुलाणापाशी उकिडवा बसला होता. शेजारी कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या, हातात माचिस. याडीने सांगितल्याप्रमाणे तो थांबला होता. त्याने तिच्या हातातले निखारे पाहिले, मग कपाळावरचं कुंकू पाहिलं.

“कुनाच्या नावानं फोडलास?”

याडी म्हणाली, “तुझ्या.”

मास्तर काहीतरी बोलायला पुढे झाले आणि बाचं तोंड बघून थांबले. बा हळू आवाजात बोलत होता, पण सगळे इतके गप्प होते की कडेच्या माणसालाही ऐकू गेलं असेल. “तू फोडलास त्याचं मी कायी म्हनत न्हाई. तुझं तू केलंस. पन ह्यो इस्तू मी हितं घातला तर तो मीच फोडला.”

“मग न्हाई फोडला म्हन. अन् घाल. आत कुनाला काय दिसतं?”

“मला दिसतं.”

त्याने काडी ओढली. वारा होता, ती विझली. मला वाटलं आता थांबेल. जमलेल्या सगळ्यांनाच वाटलं असावं, कारण कुणीतरी श्वास सोडला. त्याने दुसरी ओढली आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत ती धरून पऱ्हाटीला लावली. जाळ धरला. कडेची माणसं एक शब्द न बोलता वळली आणि आपापल्या घरी गेली. याडी खापर घेऊन तशीच उभी होती. खापराखाली चिंधी होती, ती करपल्याचा वास आला तरी उभी होती. मग आत गेली आणि ते निखारे तिने स्वैपाकाच्या चुलीत घातले.

त्या संध्याकाळी आमच्याकडे राबायला तांड्यातलं कुणी आलं नाही. हळद मास्तरांच्या माणसांनी आणि आम्ही शिजवली. त्यांना वास कळत नव्हता, बा जाळाकडेच बघत बसला होता. शेवटी याडी बाहेर आली, तुरीची काडी हळकुंडात खुपसली, “उतरवा” म्हणाली आणि परत आत गेली. तिने तो कुंकवाचा टिळा पुसला नव्हता. हळद खळ्यावर वाळत घातली. ती वाळेपर्यंत रोज सकाळी मी पळत जाऊन बघायचे, की कुणी माती टाकली का, पाणी ओतलं का. कुणी काही केलं नव्हतं. सगळी हळद पिवळीधमक, जशीच्या तशी. त्याचीच मला जास्त भीती वाटायची.

हळद गोळा झाली तेव्हा नसाब बसली. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. कडुलिंबाखाली पुरुष बसले, बायका मागे. बाला मधे बसवलं. नायक काका उभे राहिले आणि त्यांनी एकच मागणी केली. बाने एवढंच म्हणायचं की काडी चुकून ओढली गेली. देवाचं काही विचारणार नाही, रविवारी कुठे जातो विचारणार नाही. शेवटी ते नायकाचा आवाज सोडून घरच्या आवाजात म्हणाले, “परशा, म्हन रं. चुकून वढली म्हन.”

बाने मान वर केली. “चुकून न्हाई वढली, दादा.”

मग काकांनी निवाडा सांगितला. आम्ही परशरामला काढलेलं नाही, त्यानेच काडी ओढून चूल वेगळी केली. त्याच्या बाईने इस्तू नेला आणि आपल्या चुलीत घातला. ती आमची आहे, तिची लेकरं आमची आहेत. तिला सणाचं बोलावणं जाईल, तिच्या घरी वाटा जाईल. परशरामला राम राम नाही, पाणी नाही, खांदा नाही. शेवटचा शब्द म्हणताना त्यांचा आवाज खाली गेला. कुणीही आरडाओरडा केला नाही. बा उठला, धोतर झटकलं आणि घरी आला.

आमच्या एका घराचे असे दोन भाग पडले. याडीने त्या दिवसापासून चुलीतला विस्तव विझू दिला नाही. रोज राखेखाली निखारा पुरायचा, सकाळी उकरायचा, फुंकायचा. ती राख उकरल्याचा आवाज आता आमच्या सकाळचा पहिला आवाज झाला, चुड्यांच्या आधीचा. बा त्याच चुलीवरची भाकर खायचा, आयुष्यभर, कधी एक शब्द न काढता. लग्नाला, सणाला याडी एकटी जायची, पदराखाली काही झाकून परत आणायची, ते आम्हाला वाढायची, बाच्या ताटात वाढायची नाही. आणि रविवारी तो गेला की त्याच्या वाटेकडे बघत नाही असं दाखवत अंगण झाडायची. शांता नंतर माहेरी यायला लागली, पण नेहमी बा घरात नसताना. मला जूनमध्ये कळमनुरीच्या वसतिगृहात घातलं. निरोप देताना बा म्हणाला, तिकडं तुला कुनी विचारलं तर तुझं तू सांग, माझं सांगू नको. मी बाप्तिस्मा पुष्कळ वर्षांनी घेतला, माझ्या मनाने. लग्न तांड्यात झालं नाही, आणि मग कुठेच झालं नाही. त्याची मी यादी करत नाही.

बा गेला तो उन्हाळ्यातच, सकाळच्या वेळी, गोठ्यात. मी नांदेडहून पोचले तेव्हा हट्ट्याची माणसं आली होती. मास्तर तोवर नव्हते, त्यांचा मुलगा होता. शेताच्या बांधाला खड्डा खणला होता. तांडा आपापल्या दारात उभा होता, त्या होळीसारखाच गप्प. आम्ही बाला अंगणात ठेवलं होतं आणि प्रार्थना सुरू व्हायची होती, तेवढ्यात समोरच्या वाटेने नायक काका येताना दिसले. फार म्हातारे झाले होते, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात, चिंधीवर धरलेलं, खापर. खापरावर निखारे होते. आमच्यात मेलेल्या माणसाच्या पुढे घरचा विस्तव चालतो. तांड्याने बाला खांदा नाकारला होता, आणि ते स्वतःच्या चुलीतला इस्तू घेऊन आले होते, सगळ्यांच्या देखत, कुणाला न विचारता. त्यांच्यासाठी ते काय होतं हे मला कळत होतं.

त्यांनी खापर उंबऱ्यापाशी ठेवलं. इतक्या वर्षांच्या सवयीने माझ्याकडे बघून म्हणाले, “तुझ्या याडीला सांग, आनलाय मी.”

याडी घुंगट ओढून बाच्या डोक्याशी बसली होती. मी तिच्याकडे वळले, तिने काही म्हणावं आणि मी ते मोठ्याने म्हणावं म्हणून. ती उठली. घुंगट मागे सारला. काकांनी तिचं तोंड त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं असेल, केस सगळे पांढरे झाल्यावर.

“त्या दिशी बिननारळाचा दिला असता,” ती त्यांना म्हणाली, “तर त्यानं घेतला असता.”

ती परत जाऊन बसली. आम्ही प्रार्थना केली, बाला उचललं आणि उंबऱ्यापाशी ठेवलेल्या खापराच्या बाजूने बाहेर नेलं. काका तिथेच उभे होते. आम्ही परत आलो तेव्हा ते गेलेले होते आणि खापरावर नुसती राख होती.

त्या दिवशी चुलीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले, तर राख उकरल्याचा आवाज आला नाही. याडी चुलीपुढे बसली होती. राख थंड होती, तिने त्यात हात घालून पाहिला होता, बोटं पांढरी झाली होती. दारातून शेजारचं घर दिसत होतं, तिथून धूर निघत होता. तिने मागितला असता तर तिला विस्तव कुणीही दिला असता.

ती म्हणाली, “त्याची माचिस कुठं ठिवलीस?”

मी बाच्या सदऱ्याच्या खिशातून काढून दिली. पहिली काडी वाऱ्याने विझली. दुसरी तिने दोन्ही हातांच्या ओंजळीत धरली.